अमिगापासून स्पेक्ट्रमपर्यंत : जुन्या घरगुती कॉम्प्युटरांमधला आवाज इकडून तिकडे कसा न्यायचा

जळगाव-धुळ्याकडे जुना घरगुती कॉम्प्युटर कोणाच्या माळ्यावर निघेल याचा नेम नाही. १९८४ च्या क्लास प्रकल्पात (शाळांत कॉम्प्युटर शिकवायची सरकारी योजना) देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीचा परवान्यावर बनवलेला स्पेक्ट्रम प्लस आपल्या बाजारात होता. कोणाचे काका आखातातून येताना अमिगा ५०० किंवा अटारी घेऊन आले, कोणाच्या डीटीपीच्या दुकानात मॅक होता, आणि नव्वदच्या दशकात साउंड ब्लास्टर कार्ड बसवलेले पीसी आले. यातल्या एखाद्या यंत्रात आजीनं म्हटलेली कानबाईची (खानदेशातली देवी) गाणी, लग्नातला संबळ किंवा आबांचा नुसता बोलण्याचा आवाज अडकून पडलेला असतो. तो आजच्या लॅपटॉपवर कसा आणायचा, आणि तिथून दुसऱ्या जुन्या यंत्रावर कसा वाजवायचा, याची ही वाट. मी यातून गेलो आहे, म्हणून जिथे लोक हमखास अडकतात तिथे जास्त थांबलो आहे.

आधी एवढं समजून घ्या. फाईलवर वॅव लिहिलेलं असो, वॉक असो की काहीच नसो, आत फक्त आकड्यांची रांग असते. ती वाचायला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात : सेकंदाला किती आकडे, एक आकडा ८ बिटांचा की १६ बिटांचा, आकडे उणे-अधिक धरून लिहिलेत की फक्त शून्याच्या वरचे, आणि दोन बाइटांचा आकडा असेल तर मोठा बाइट आधी की नंतर. या चारांपैकी एक जरी चुकली तरी आवाजाचा कचरा होतो. मात्र कचरा चार प्रकारचा असतो आणि तो ऐकून ओळखता येतो.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप, विंडोज किंवा लिनक्स कोणताही. त्यावर ऑडॅसिटी हा आवाज उघडून दुरुस्त करायचा प्रोग्राम (फुकट आहे). कमांडची सवय असेल तर सॉक्ससुद्धा. हा प्रोग्राम १९९१ पासून चालत आलेला आहे आणि जुनी स्वरूपं त्याला पाठ आहेत.
- एखादा हेक्स एडिटर, म्हणजे फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम. कुठलाही चालेल.
- अमिगासाठी विनयूएई, अटारीसाठी हटारी हे एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरच जुनं यंत्र उभं करणारे प्रोग्राम.
- फ्लॉपी वाचायला ग्रीझवीझल नावाचं यूएसबी बोर्ड आणि चालू स्थितीतला ३.५ इंची पीसी फ्लॉपी ड्राइव्ह. बोर्ड ऑनलाइन मागवावं लागतं. ड्राइव्ह मात्र जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारात विचारून बघा.
- फ्लॉपीचा मार्ग नको असेल तर यूएसबी-टू-सिरियल वायर आणि नल मोडेम जोडणी, म्हणजे दोन यंत्रं सरळ एकमेकांना जोडणारी वायर.
- वही. कोणाचा आवाज, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, फ्लॉपीवर काय लिहिलं होतं ते सगळं फाईलला हात लावायच्या आधी टिपून घ्या. घरातली म्हातारी माणसं बाजूला बसलेली असतील तर फार बरं. आवाज कोणाचा, हे तेच सांगू शकतात.

१. फ्लॉपी आधी थंड करा, मग वाचा

मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर त्याहून जास्त तापतं. अशा जागेतली फ्लॉपी किंवा कॅसेट काढली की लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. एक रात्र घरात सावलीत राहू द्या. फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या चकतीवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरवली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. आधी साफ करा, नाहीतर बाजूला ठेवा.

काम सकाळी उरका. उन्हाळ्यात दुपारी जुनी पॉवर सप्लाय चालवणं म्हणजे तिच्या कपॅसिटरांची परीक्षा बघणं. लाइटीचा भरवसा नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण जुन्या यंत्राला यूपीएस द्या. फ्लॉपीवर लिहिताना लाइट गेली तर ती फ्लॉपी गेलीच समजा. अमेरिकेतून आलेलं यंत्र असेल तर ते ११० व्होल्टचं आहे का ते पाठीमागची पट्टी वाचून बघा. आखातातलं किंवा इंग्लंडमधलं यंत्र बहुतेक आपल्यासारखंच, पाल या टीव्ही पद्धतीचं असतं, अमेरिकेतलं एनटीएससी पद्धतीचं. याचा संबंध आवाजाशीही आहे, तो पुढे येईल.

२. आवाज यंत्रातून बाहेर काढा

इथे पहिला सापळा. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी साध्या पीसी ड्राइव्हला वाचता येत नाही, विंडोज सरळ "फॉरमॅट करू का" असं विचारतं. चुकूनही "हो" म्हणू नका. फ्लॉपीचा खिळा सरकवून राइट-प्रोटेक्ट करा, मगच ड्राइव्हमध्ये घाला. मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉपीचंही तेच. त्यात ड्राइव्ह चकतीचा वेग बदलत लिहितो. या दोन्हींसाठी ग्रीझवीझल लागतं. ते फाईलींकडे न बघता चकतीवरचा चुंबकीय ठसा जसाच्या तसा उचलतं आणि त्यातून फ्लॉपीची प्रतिमा बनवतं. अमिगाची प्रतिमा विनयूएईत घाला, आतली फाईल लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये ओढून घ्या, झालं.

अटारी एसटीचं सोपं आहे. पीसीवर ७२० केबीत फॉरमॅट केलेली फ्लॉपी एसटी आनंदानं वाचतो-लिहितो. उलटं मात्र नेहमी चालत नाही. जुन्या एसटीनं स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसीला पटेलच असं नाही. म्हणून कोरी फ्लॉपी नेहमी पीसीवर तयार करून न्या. अमिगावर वर्कबेंच (अमिगाची सिस्टिम) २.१ किंवा पुढचं असेल तर त्यातलं क्रॉसडॉसही पीसीची ७२० केबीची फ्लॉपी वाचतं, मग ग्रीझवीझलची गरजच नाही.

सिरियल वायरीनं नेणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. अमिगा ५०० च्या २५ पिनांच्या सिरियल खोबणीत ९ आणि १० नंबरच्या पिनांवर अधिक आणि उणे १२ व्होल्ट असतात. बाजारातली सगळ्या पिना जोडलेली तयार केबल लावली तर हा करंट भलतीकडे जाऊ शकतो. २ आणि ३ उलटसुलट, ४ आणि ५ उलटसुलट, ७ ला ७ एवढंच जोडलेलं असू द्या. गोलाणीतला कुठलाही हुशार कारागीर समोर बसून ही वायर बनवून देतो. दुसरी गोष्ट, फाईल पाठवताना "बायनरी" निवडा. टेक्स्ट पद्धतीनं गेलेल्या आवाजातले काही बाइट वाटेत बदलतात आणि ते नंतर शोधता येत नाहीत. ९६०० च्या वेगानं सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे ६० केबीचा तुकडा मिनिटाभरात पोचतो. तेवढ्यात चहा होतो.

एक्समोडेम ही फाईल पाठवायची जुनी पद्धत वापरली तर फाईलची लांबी १२८ च्या पटीत भरली जाते. शेवटी उरलेल्या जागेत २६ हा आकडा भरलेला असतो. बोलण्याच्या आवाजात हे कळतही नाही, पण तोच तुकडा गोल फिरवून वाजवायचा असेल, उदाहरणार्थ संबळाचा ठेका, तर दर फेरीला "टक्" ऐकू येतं. तो टक् नेमका शेवटच्या काही बाइटांत असतो, तेवढे कापून टाका.

मॅकचा सापळा सगळ्यांत वाईट. मॅकच्या फाईलीला दोन भाग असतात आणि सिस्टिमचा आवाज बहुतेक वेळा "रिसोर्स" भागात असतो. ती फाईल तशीच पीसीच्या फ्लॉपीवर किंवा पेनड्राइव्हवर टाकली की तो भाग गळून जातो आणि शून्य बाइटांची फाईल हाती येते. मॅकवरच ती मॅकबायनरी किंवा बिनहेक्समध्ये बांधा, नाहीतर मॅकवरच एआयएफएफमध्ये सेव्ह करा, आणि मग बाहेर काढा.

बाहेर काढलेली फाईल भावाला व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. ऑडिओ म्हणून पाठवली तर तिच्यावर कॉम्प्रेशन होण्याचा धोका असतो आणि मूळ आकडे परत मिळत नाहीत.

३. फाईल कोणत्या जातीची आहे ते बघा

हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि पहिल्या काही बाइटांकडे बघा. बहुतेक वेळा तिथे इंग्रजी अक्षरांत खूण असते.

एफ-ओ-आर-एम अशी चार अक्षरं आणि आठव्या बाइटनंतर ८-एस-व्ही-एक्स असेल तर ती अमिगाची. हे स्वरूप १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं काढलेल्या आयएफएफ घराण्यातलं. एफ-ओ-आर-एम नंतर ए-आय-एफ-एफ असेल तर ती मॅकची. आर-आय-एफ-एफ आणि मग डब्ल्यू-ए-व्ही-ई म्हणजे १९९१ चा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचा वॅव. रचना आयएफएफसारखीच, फक्त आकडे उलट्या बाजूनं लिहिलेले. "क्रिएटिव्ह व्हॉइस फाईल" असं अख्खं वाक्य दिसलं तर ती साउंड ब्लास्टरची वॉक फाईल. टिंब आणि एस-एन-डी असेल तर ती सन किंवा नेक्स्टची एयू. २-बी-आय-टी असेल तर अटारीची एव्हीआर. आणि सुरुवातीला फ्लॉपीवरच्या गाण्यासारखं नाव दिसलं, १०८० व्या बाइटवर एम टिंब के टिंब असेल, तर ती एकटी आवाजाची फाईल नाही, ट्रॅकरची, म्हणजे आवाजाचे तुकडे रचून गाणं करणाऱ्या प्रोग्रामची, मॉड फाईल आहे. तिच्यात ३१ पर्यंत आवाजाचे तुकडे असतात. ओपनएमपीटी या प्रोग्राममध्ये उघडून हवा तो तुकडा वॅव म्हणून काढून घ्या.

यातल्या बहुतेक सगळ्या जाती ऑडॅसिटी सरळ उघडते. अमिगाची फाईल साधी असेल तर तीसुद्धा. उघडली, नीट वाजली, तर पुढची पायरी सोडून पाचव्यावर जा.

४. उघडत नसेल तर रॉ म्हणून उघडा आणि कान लावा

खूणच नाही किंवा खूण आहे पण ऑडॅसिटी नाक मुरडते, अशा वेळी फाईल मेनूतल्या इम्पोर्टमध्ये जाऊन "रॉ डेटा" निवडा. चार प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात. शिवाय "स्टार्ट ऑफसेट" विचारतं, म्हणजे सुरुवातीचे किती बाइट सोडायचे. साध्या ८एसव्हीएक्सला ४८, वॅवला ४४, वॉकला ३२, एयूला कमीत कमी २४. आत नाव किंवा टिपण लिहिलेलं असेल तर ही लांबी वाढते. ८एसव्हीएक्समध्ये बी-ओ-डी-वाय ही अक्षरं शोधा, ती संपल्यावर चार बाइट लांबीचे सोडा, तिथून आवाज सुरू.

अमिगासाठी पहिला अंदाज असा टाका : साइन्ड (उणे-अधिक धरून लिहिलेले) ८ बिट, मोनो, वेग म्हणजे सेकंदाला आकडे ८२८७. पीसी आणि जुन्या मॅकसाठी : अनसाइन्ड (फक्त शून्याच्या वरचे) ८ बिट, मोनो, ११०२५ किंवा २२०५०. आता ऐका. हेडफोन लावण्याआधी आवाज कमी करा, कारण चुकलेला अंदाज कान फोडतो.

साइन्डच्या जागी अनसाइन्ड झालं असेल तर उलटाच प्रकार होतो. शांत जागी सगळ्यात मोठी खरखर येते आणि मोठ्यानं बोललेलं त्यामानानं बरं वाटतं. कारण साइन्डमध्ये शांतता म्हणजे शून्य, आणि अनसाइन्डमध्ये शून्य म्हणजे अगदी तळ. मधल्या रेषेच्या जरा वर-खाली होणारा आवाज थेट छत ते जमीन अशा उड्या मारतो. ग्राफमध्ये पट्टीच्या वरच्या आणि खालच्या काठावर दाट काळं आणि मध्ये रिकामं दिसलं की हाच दोष. उपाय एकच : प्रत्येक बाइटमध्ये १२८ मिळवायचे. २५५ च्या पुढे गेलं की पुन्हा शून्यापासून. ऑडॅसिटीत त्यासाठी फक्त दुसरा पर्याय निवडून परत इम्पोर्ट करा.

बाइटांचा क्रम उलटा असेल तर पावसाळी नदीसारखा सरसर आवाज येतो, त्यात बोलणं अंधुक कळतं किंवा कळतच नाही. हा दोष फक्त १६ बिटांत होतो. अमिगा, अटारी एसटी आणि जुना मॅक मोठा बाइट आधी लिहितात. पीसी उलटं. क्रम बदलूनही सरसर जात नसेल तर ऑफसेट एकानं पुढे-मागे करून बघा, कदाचित जोड्याच चुकीच्या लागल्या असतील.

आवाज ओळखू येतो पण माणूस चिमणीसारखा चिवचिवतो किंवा राक्षसासारखा घोगरा होतो, तेव्हा फक्त वेग चुकला. नेमका दुप्पट किंवा निम्मा वेग असेल तर जरा थांबा. तो स्टिरिओ आवाज मोनो म्हणून किंवा उलटं उघडला असू शकतो. आबांचा आवाज घरच्यांना ऐकवून वेग ठरवता येतो, आणि संवादात तेवढं पुरतं. गाण्यात मात्र सूर जुळवावा लागतो.

बोलणं स्वच्छ कळतं पण मोठ्या शब्दांवर चिरकतं आणि सगळीकडे बारीक चरचर आहे, अशी एयू फाईल असेल तर ती म्यू-लॉ पद्धतीची आहे. ऑडॅसिटीत एन्कोडिंग "यू-लॉ", वेग ८०००, असं निवडलं की ती सरळ होते. टेलिफोनच्या आवाजासाठी ही पद्धत निघाली होती.

काहीच लागू पडत नाही, आणि हेक्समध्ये ८एसव्हीएक्सची खूण आहे, तर फाईल फिबोनाची डेल्टा पद्धतीनं निम्मी केलेली असू शकते. व्हीएचडीआर या अक्षरांनंतर चार बाइट लांबीचे सोडा आणि पुढचा सोळावा बाइट बघा. तो १ असेल तर हाच प्रकार. तिच्याशी इथे झगडू नका. विनयूएईत अमिगावरच्याच एखाद्या सॅम्पल एडिटरमध्ये उघडा आणि कॉम्प्रेशन काढून पुन्हा सेव्ह करा.

५. एक मास्टर बनवा आणि त्याला हात लावू नका

नीट वाजणारा आवाज हाती आला की तो मूळच्याच वेगात, १६ बिटांचा वॅव म्हणून ठेवा. ८ बिटांचे आकडे १६ बिटांत तंतोतंत मावतात, काही हरवत नाही. ४४१०० ला चढवायचा मोह आवरा. त्यानं आवाज सुधारत नाही आणि मूळ वेग कोणता होता ती माहिती पुसली जाते. ऑडॅसिटीत प्रोजेक्टचा वेग आणि एक्स्पोर्टच्या खिडकीतला वेग दोन्ही बघा. तिथे ४४१०० राहिलं असेल तर ती न विचारता बदल करून टाकते.

क्वालिटीच्या सेटिंगमधलं "डिदर" या कामापुरतं बंद करा. डिदर म्हणजे आकडे गोल करताना मुद्दाम घातलेली बारीक खरखर. मास्टरसाठी तिची गरज नाही.

कोणत्याही यंत्रासाठी फाईल करायची ती या मास्टरवरून. अमिगावरून अटारी, अटारीवरून पीसी असा प्रवास केला तर प्रत्येक टप्प्याला वेग बदलतो आणि आवाज झिजत जातो. एमपी३ तर मधे कुठेच नको.

६. पुढच्या यंत्राच्या मापात बसवा

आधी सगळ्यांसाठी समान काम. आवाज मधल्या रेषेवर आणा (नॉर्मलाइझमध्ये "डीसी ऑफसेट काढा" असा पर्याय आहे) आणि शिखर उणे १ डेसिबलवर न्या. हे विसरलात तर ८ बिटांत भारी पडतं. ८ बिटांत एकूण २५६ पायऱ्या. आवाज पाव उंचीचाच ठेवला तर त्यातल्या ६४ च वापरल्या जातात आणि आजी दूरवरून, खरखरीतून बोलल्यासारखी वाटते.

वेग उतरवण्यासाठी ट्रॅक्स मेनूतलं "रिसॅम्पल" वापरा. ते वरचे सूर आधी गाळून मग वेग उतरवतं. वेग निम्मा करताना मधले आकडे नुसते टाकून देणारे छोटे जुने प्रोग्राम असतात, त्यांनी उंच सूर खाली येऊन भलताच कर्कश आवाज होतो. वेग किती ठेवायचा? चाचणीसाठी मी "बठ्ठं बेस शे" (सगळं छान आहे) हे अहिराणी वाक्य रेकॉर्ड करतो. त्यात ब आणि ठ आहेत, ते आवाज फुटतो का ते सांगतात. स आणि श आहेत, ते वरचे सूर शिल्लक आहेत का ते सांगतात. ८००० वेगात ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच राहत नाही, स आणि श एकसारखे ऐकू येतात. ११०२५ ला फरक कळू लागतो. कानबाईच्या गाण्यातल्या टाळांना १६५७४ तरी द्या.

आता यंत्रागणिक.

*अमिगा.* एक्स्पोर्टमध्ये "इतर अनकॉम्प्रेस्ड", हेडर आयएफएफ, एन्कोडिंग साइन्ड ८ बिट. लांबी सम ठेवा, कारण पॉला ही अमिगाची आवाजाची चिप दोन-दोन बाइट उचलते. एका दमात ती जास्तीत जास्त १,३१,०७० बाइट वाजवते, म्हणजे १६५७४ वेगात ७.९ सेकंद. त्याहून लांब गाणं असेल तर तुकडे करा किंवा तुकडे जोडत वाजवणारा प्लेअर वापरा. पॉलाला नेहमीच्या पद्धतीनं साधारण २८,८०० च्या वर जाता येत नाही. आख्ख्या फ्लॉपीत १६५७४ वेगाचा सुमारे ५० सेकंद आवाज मावतो, हे लक्षात ठेवून गाण्याचं कडवं निवडा.

प्रोट्रॅकर या अमिगावरच्या ट्रॅकरमध्ये टाकणार असाल तर मधला सा, म्हणजे तिथला सी-२ सूर, पाल अमिगावर ८२८७ ला वाजतो. पीसीवरचे ट्रॅकर आणि एनटीएससी अमिगा त्यालाच ८३६३ धरतात. फरक सुमारे ०.९ टक्के. बोलण्यात कळत नाही, पण हार्मोनियमसोबत वाजवलं तर सूर खुपतो. आपल्याकडच्या यंत्रासाठी ८२८७ धरा. आणि तुकड्याचे पहिले दोन बाइट शून्य ठेवा. तुकडा संपल्यावर प्रोट्रॅकर त्याच दोन बाइटांवर फिरत राहतो. ते शून्य नसतील तर आवाज संपल्यानंतर बारीक शिट्टी उरते आणि माणूस तासभर वायर तपासत बसतो.

*अटारी.* इथे आधी यंत्राचं नाव नीट वाचा. १९८९ च्या एसटीईला डीएमए आवाज आहे (मेमरीतून थेट वाजणारा), साइन्ड ८ बिट, आणि वेग फक्त चार : ६२५८, १२५१७, २५०३३, ५००६६. मधला कुठलाही चालत नाही, म्हणून मास्टरवरून नेमक्या त्याच आकड्यावर रिसॅम्पल करा. साध्या एसटीला फक्त वायएम२१४९ चिप आहे. तिच्या आवाजाच्या १६ पायऱ्या समान अंतराच्या नसून लॉगरिदमिक आहेत. ८ बिटांचे आकडे सरळ त्यात ओतले तर सगळं फुटून येतं. तीन चॅनेल एकत्र धरून तक्ता वापरणारा प्लेअरच लावा, आणि अपेक्षा बेताची ठेवा.

*पीसी.* वॉक किंवा ८ बिट वॅव, दोन्ही अनसाइन्ड. जुन्या वॉकमध्ये वेग एका बाइटात लिहिलेला असतो : २५६ मधून तो आकडा वजा करा, १० लाखांना त्यानं भागा. म्हणून ११०२५ लिहायला गेलं तर प्रत्यक्षात १०९८९ होतं आणि २२०५० चं २२२२२. नव्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, त्या एका बाइटात यापेक्षा बारीक आकडा मावतच नाही.

*मॅक.* जुन्या मॅकचा स्वतःचा वेग २२,२५४.५. पीसीचा २२०५० त्यावर तसाच वाजवला तर आवाज साधारण ०.९ टक्के चढतो. एआयएफएफ द्यायचं तर साइन्ड, जुन्या एसएनडी रिसोर्समध्ये अनसाइन्ड. एकाच यंत्रात दोन्ही रिवाज, त्यामुळे मॅकच्या बाबतीत अंदाज न बांधता ऐकूनच ठरवा.

*स्पेक्ट्रम प्लस.* आपल्याकडे आलेला ४८के. त्याला आवाजाचं एकच बिट, भोंगा चालू नाहीतर बंद. तरी बोलणं कळेल इतपत वाजतं. काय ऐकू येईल याचा अंदाज आधीच घेता येतो : ऑडॅसिटीत ३०० हर्ट्झच्या खालचं काढा, वरचे सूर वाढवा, आणि अॅम्प्लिफायमध्ये क्लिपिंगला परवानगी देऊन ५० डेसिबलनं वाढवा. उरलं ते जवळजवळ एक बिटच असतं. बायका कोरसमध्ये गातात तो भाग यात पार वाया जातो. एकट्या माणसाचं बोलणं, एकटी बासरी किंवा पावरी बऱ्यापैकी निभावते. १६००० वेगात सेकंदाला २००० बाइट लागतात, म्हणजे ३० केबीत पंधरा सेकंद. आठ-आठ बिटं एका बाइटात भरायला पायथॉनच्या चार ओळी पुरतात. वाजवणारा मशीन कोड पोर्ट २५४ च्या बिट ४ वर लिहितो. तो कोड आणि आवाज दोन्ही ३२७६८ च्या वरच्या मेमरीत ठेवा आणि इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच दुसऱ्या कामाला लावणारे इशारे) बंद करा. त्याखालची मेमरी स्क्रीन काढणारी चिपही वापरते, ती मधेमधे प्रोसेसरला थांबवते आणि आवाज थरथरतो.

*बीबीसी मायक्रो आणि कमोडोर ६४.* बीबीसीतल्या चिपला १६ पायऱ्या, प्रत्येक २ डेसिबलची, म्हणजे इथेही तक्ता लागतो. ३२के मेमरीत स्क्रीन मोड ७ ठेवला तर आवाजाला जास्त जागा मिळते. कमोडोरवर ५४२९६ या पत्त्यावरच्या व्हॉल्यूमच्या चार बिटांवर आवाज वाजवतात. नव्या ८५८० चिपवर तो फारच क्षीण येतो, जुन्या ६५८१ वर खणखणीत.

७. परत यंत्रावर न्या

अमिगा आणि अटारीला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवणं. त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकून घ्या. मग फ्लॉपीच्या प्रतिमा पेनड्राइव्हवर ठेवून वाजवता येतात आणि बुरशीचा प्रश्न मिटतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. विनयूएईत कोरी प्रतिमा बनवून तीत आवाजाची फाईल टाकली की पुरे.

फाईलीचं नाव इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता, आठ अक्षरांच्या आत ठेवा. डॉस आणि अटारीला आठ अक्षरं आणि तीनचं शेपूट एवढंच समजतं. अमिगा ३० घेतो, मॅक ३१. देवनागरी नाव लॅपटॉपवर छान दिसतं, पण जुन्या यंत्रावर ती फाईल सापडणारच नाही.

स्पेक्ट्रमला मोबाईलमधून कॅसेटसारखा सिग्नल द्यायचा तर वॅवच द्या, इअर खोबणीत मोनो वायरीनं. मोबाईलमधला इक्वलायझर आणि "आवाज सुधारा" वगैरे सगळं बंद. व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण. लोड होताना काठावरचे पट्टे एकसारखे सरकले पाहिजेत. ते अडखळले तर आवाज थोडा कमी-जास्त करून परत सुरू करा. मधेच फोन आला तर लोडिंग गेलंच, म्हणून फोन फ्लाइट मोडवर टाका.

८. यंत्रावर ऐकून बघा

अमिगावर आवाज गुदमरल्यासारखा आला तर फाईल परत करायला बसू नका. पुढच्या लाल दिव्याकडे बघा. तो लख्ख पेटलेला असेल तर सुमारे ३३०० हर्ट्झच्या वरचं गाळणारा फिल्टर चालू आहे. ट्रॅकर किंवा प्लेअरमधून तो बंद करा, दिवा मंद होईल आणि "बठ्ठं बेस शे" मधले स आणि श वेगळे ऐकू येतील. अमिगा ५०० मध्ये आणखी एक कायमचा फिल्टर आहे, तो बंद होत नाही. त्याची भरपाई मास्टरची प्रत काढून तिचे वरचे सूर जरा उचलून करतात. मास्टरमध्ये मात्र हा बदल करू नका, कारण तीच फाईल उद्या पीसीवर किंवा एसटीईवर न्यायची असेल तर तिथे ती टोचेल.

सगळं जमल्यावर मास्टर, मूळ फ्लॉपीची प्रतिमा आणि वहीतल्या टिपणाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढा. टिपणात वेग, साइन्ड की अनसाइन्ड, पाल की एनटीएससी हे तीन शब्द असायलाच हवेत. पुढे कोणी दुसरं यंत्र घेऊन आलं की पहिल्या पाच पायऱ्या पुन्हा कराव्या लागत नाहीत, सहावीपासून सुरू करता येतं.